वॉल्डनच्या काठी थोरो: एकांत, शेती आणि गुलामीविरुद्धचा लढा

शहरातली नोकरी, भाड्याची खोली, लोकलची गर्दी, दिवसभर मोबाईलवर येणारे निरोप आणि रविवारी पुन्हा बैठक. हे सगळे सोडून गावाकडे जावे, थोडी जमीन करावी, वाचन करावे, ध्यान करावे, कुणाच्या अध्यात ना मध्यात राहावे, अशी इच्छा आपल्या तरुण कार्यकर्त्यांच्या बोलण्यात अलीकडे वरचेवर येते. त्यावर दुसरा कार्यकर्ता लगेच बाबासाहेबांची आठवण करून देतो. १९४८ साली संविधान सभेत बाबासाहेबांनी भारतीय खेड्याच्या कौतुकाचा जो समाचार घेतला, तो आपल्याला पाठ आहे. खेडे म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता यांचे आगर, हे त्यांचे मत अनुभवातून आलेले होते. मग साधे, स्वावलंबी, एकांताचे जगणे ही फक्त सवर्णांची चैन आहे का?

या प्रश्नाला सरळ उत्तर देण्यापेक्षा आम्ही एका माणसाचे चरित्र सांगतो. अशा जगण्याचा विषय निघाला की जगभर पहिले नाव येते ते हेन्री डेव्हिड थोरो यांचे. त्यांची तळ्याकाठची झोपडी अनेकांना ऐकून माहीत असते. त्या झोपडीच्या आसपास आधी कोण राहत होते आणि त्या झोपडीच्या दारात कोणती सभा भरली होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

थोरो यांचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कॉर्ड या गावी झाला. घर श्रीमंत नव्हते. वडील शिसपेन्सिली बनवण्याचा लहानसा कारखाना चालवत आणि आई घरात खाणावळीसारखे भाडेकरू ठेवत असे. पोटाला चिमटा काढून घरच्यांनी हेन्रीला हार्वर्डला शिकवले. १८३७ साली ते पदवीधर झाले आणि गावच्या सरकारी शाळेत शिक्षक म्हणून लागले. मुलांना छडी मारलीच पाहिजे असा आग्रह वरून झाला, तेव्हा त्यांनी काही आठवड्यांतच ती नोकरी सोडली. त्या वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी होती आणि नोकऱ्या मिळत नव्हत्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या राजीनाम्याची किंमत कळते. पुढे भाऊ जॉन याच्याबरोबर त्यांनी स्वतःची शाळा चालवली. वडिलांच्या कारखान्यात काम करताना त्यांनी शिशाच्या भुकटीत चिकणमाती मिसळून आणि भुकटी बारीक दळण्याची सोय करून पेन्सिलीचा दर्जा खूप सुधारला. पुस्तकात रमणारा हा माणूस हाताने कामसू होता, हे आधीच सांगितलेले बरे. स्वावलंबन त्यांना तळ्याकाठी जाऊन शिकावे लागले नाही.

जानेवारी १८४२ मध्ये जॉनला वस्तऱ्याला धार लावताना बोटाला लहानशी जखम झाली, त्यातून धनुर्वात झाला आणि तो हेन्रीच्या हातात गेला. त्या दोघांनी १८३९ साली स्वतः बांधलेल्या होडीतून नदीचा प्रवास केला होता. त्या प्रवासाचे पुस्तक लिहायचे हेन्रीच्या मनात होते, पण गावात, घरात, भाडेकरूंच्या गलबल्यात ते होईना. वॉल्डन तळ्याकाठी जाण्याचे एक साधे कारण हे होते. दुसरे कारण म्हणजे माणसाला जगायला नेमके किती लागते, याचा हिशोब त्यांना स्वतःवर करून पाहायचा होता.

जमीन त्यांचे स्नेही, विचारवंत राल्फ वाल्डो इमर्सन यांची होती. १८४५ च्या मार्च अखेरीस थोरो यांनी उसनी कुऱ्हाड घेऊन पाइनची झाडे तोडायला सुरुवात केली. रेल्वेच्या कामावर असलेल्या एका आयरिश मजुराचे झोपडे त्यांनी सव्वाचार डॉलरला विकत घेतले, त्याच्या फळ्या सोडवल्या, उन्हात वाळवल्या आणि त्याच आपल्या घराला वापरल्या. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब, एक खोली, खाली छोटे तळघर, एका बाजूला चूल. सगळा खर्च २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. हार्वर्डमध्ये विद्यार्थ्याला एका खोलीचे वर्षाचे भाडे ३० डॉलर पडे, म्हणजे एका वर्षाच्या भाड्यापेक्षाही कमी पैशांत त्यांचे कायमचे घर झाले. ४ जुलै १८४५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ते तिथे राहायला गेले.

अडीच एकरांत त्यांनी मुख्यतः घेवडा लावला, थोडे बटाटे, मका, वाटाणा आणि सलगम. घेवड्याच्या ओळी एकापुढे एक मांडल्या असत्या तर सात मैल भरल्या असत्या, इतकी खुरपणी त्यांनी एकट्याने केली. बिळात राहणाऱ्या वुडचक नावाच्या प्राण्याने पाव एकर पीक फस्त केले. वर्षाअखेर शेतीतून खर्च वजा जाता ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट उरले. आठ महिन्यांच्या खाण्याचा खर्चही जवळपास तेवढाच, ८ डॉलर ७४ सेंट. राय आणि मक्याच्या पिठाची खमिराशिवायची भाकरी, भात, बटाटे, मीठ, पाणी आणि कधीतरी तळ्यातले मासे. बाकी पैसे सुतारकाम, जमीनमोजणी आणि रोजंदारी करून मिळवले. वर्षातले सहा आठवडे मजुरी केली तरी एका माणसाचे भागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा सगळा हिशोब त्यांनी पै-पैसह छापला. आमच्या मते त्यांच्या पुस्तकातला सर्वांत धीट भाग हाच. साधेपणावर प्रवचन देणारे पुष्कळ असतात, आपला किराणा किती आला हे सांगणारे थोडेच.

या एकांताबद्दल त्यांची पुढे बरीच टिंगल झाली, आणि ती अगदीच निराधार नाही. तळ्यापासून गाव दीड मैलावर होते. ते वरचेवर घरी जात, मित्रांकडे जेवत. त्यांच्या पाठीशी कुटुंब होते, इमर्सनसारखा स्नेही होता आणि जमिनीचे भाडे द्यावे लागत नव्हते. बायको-मुले नव्हती. एका आयरिश मजुराच्या घरी पावसात आसरा घेतल्यावर त्यांनी त्या गरीब माणसाला चहा, लोणी, मांस सोडण्याचा उपदेश केला आणि नंतर त्याच्याबद्दल तुच्छतेने लिहिले. हे वाचताना आम्हाला राग येतो. ज्याच्या घरात उपाशी लेकरे आहेत, त्याला स्वेच्छेच्या गरिबीचे धडे देणे सोपे असते. परंतु त्यांनी स्वतःला जंगलात पळून गेलेला संन्यासी असे कधीच म्हटले नाही. झोपडीत तीन खुर्च्या होत्या आणि पाहुण्यांचा राबता गावातल्यापेक्षा जास्त होता. कधी कधी त्या एका खोलीत पंचवीस-तीस माणसे उभी असत.

आता त्या जागेविषयी. थोरो यांच्या आधी वॉल्डनच्या जंगलात कोण राहत होते? कॉन्कॉर्डच्या प्रतिष्ठित घरांतून गुलामी केलेली काळी माणसे. उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्समध्येही अठराव्या शतकात गुलामी होती आणि ती शतकाच्या अखेरीस संपली. गुलामीतून सुटलेल्यांना ना जमीन मिळाली ना मजुरीची थकबाकी. गावातली चांगली जमीन मालकांचीच राहिली. या माणसांना राहता आले ते वॉल्डनच्या वाळवट, नापीक, गावाला नको असलेल्या जमिनीवर. आपल्या वाचकांना गावकुसाबाहेरचे जगणे वेगळे समजावून सांगायला नको.

थोरो यांनी त्यांची नावे लिहून ठेवली. त्यांच्या घेवड्याच्या शेताच्या पूर्वेला, रस्त्यापलीकडे कॅटो इंग्रॅम राहत असे. म्हातारपणी उपयोगी पडावीत म्हणून त्याने अक्रोडाची झाडे वाढवली होती, ती शेवटी एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या ताब्यात गेली. शेताच्या कोपऱ्यालगत झिल्फा नावाच्या बाईचे छोटे घर होते. ती सूत कातून पोट भरी आणि तिच्या मोठ्या आवाजातल्या गाण्याने जंगल घुमत असे. १८१२ च्या इंग्लंडविरुद्धच्या युद्धकाळात ती बाहेर गेलेली असताना पॅरोलवर सुटलेल्या इंग्रज कैद्यांनी तिचे घर जाळले. मांजर, कुत्रा, कोंबड्या सगळे जळाले. टेकडीवर ब्रिस्टर फ्रीमन राहत असे. फ्रीमन म्हणजे स्वतंत्र माणूस. हे आडनाव मालकाचे नव्हते. त्याने एका साथीदाराबरोबर एक एकर जमीन विकत घेतली आणि सफरचंदाची झाडे लावली. थोरो यांच्या काळात घरांचे फक्त खड्डे आणि ती झाडे उरली होती. ब्रिस्टरची टेकडी हे नाव आजही आहे.

एकांतात स्वावलंबी जगण्याचा प्रयोग थोरो यांच्याआधी त्याच मातीत झिल्फाने केला होता, आणि तोही पाठीशी कुणी नसताना. तिचा हिशोब कुणी छापला नाही. थोरो यांनी स्वतःला प्रश्न विचारला, की कॉन्कॉर्ड गाव टिकले आणि ही छोटी वस्ती का टिकली नाही? त्यांनी दिलेले उत्तर मात्र अर्धवट आहे. त्या जागेला पाण्याच्या सोयीचा फायदा नव्हता, असे काहीसे ते म्हणतात. खरे कारण जमिनीच्या मालकीत आणि कातडीच्या रंगात होते, तिथपर्यंत त्यांची लेखणी पोहोचत नाही. तरीसुद्धा ही माणसे त्यांच्या पुस्तकात आली नसती तर जगाला ती ठाऊकच झाली नसती.

बाबासाहेबांचा खेड्यावरचा राग आणि स्वावलंबी वस्तीची आस, या दोन्हींचा विरोध नाही, हे इथे लक्षात येते. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांची मागणी करणारा ठराव झाला होता. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा लढा उभारला तो जमिनीसाठीच. जमीन आपली असेल आणि मान आपला असेल तर शेत वाईट नसते. उंबरठ्याबाहेर उभे राहून भाकर मागावी लागणारे गाव वाईट असते.

थोरो यांच्या घरात गुलामीविरोध आधीपासून होता. त्यांची आई आणि बहिणी कॉन्कॉर्डच्या स्त्रियांच्या गुलामीविरोधी संघटनेत कामाला होत्या, हेन्री नंतर आले. १ ऑगस्ट १८४४ रोजी वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या मुक्तीचा वाढदिवस गावात साजरा व्हायचा होता. चर्चचा माणूस घंटा वाजवायला तयार होईना, तेव्हा थोरो यांनी धावत जाऊन स्वतः दोर ओढला आणि लोकांना सभेला बोलावले.

जुलै १८४६ मध्ये ते दुरुस्तीला दिलेला जोडा आणायला गावात गेले असता सॅम स्टेपल्स या अधिकाऱ्याने त्यांना पकडले. कित्येक वर्षांची डोईपट्टी त्यांनी भरली नव्हती. गुलामी चालवणाऱ्या आणि मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या सरकारला आपण पैसा द्यायचा नाही, ही त्यांची भूमिका. एक रात्र कोठडीत गेली. कुणीतरी, बहुधा मावशी-आत्यांपैकी कुणी, परस्पर पट्टी भरली आणि सकाळी त्यांना सोडण्यात आले. त्यांना त्याचा रागच आला. त्यानंतर आठवडाभरातच, १ ऑगस्ट १८४६ रोजी, कॉन्कॉर्डच्या स्त्रियांनी गुलामीविरोधी वार्षिक सभा वॉल्डनला त्यांच्या झोपडीच्या दारात भरवली. गुलामीतून पळून आलेले लुईस हेडन तिथे बोलले. ज्या एकांतवासाची चित्रे आज कॅलेंडरवर छापतात, त्या अंगणात ही सभा झाली. उत्तरेकडे निघालेल्या एका पळपुट्या गुलामालाही त्यांनी त्या काळात वाट दाखवली होती.

कोठडीतल्या त्या रात्रीवरचा निबंध १८४९ साली छापला गेला. पुढे तो सविनय कायदेभंग या नावाने प्रसिद्ध झाला, गांधीजींनी तो दक्षिण आफ्रिकेत वाचला, मार्टिन ल्यूथर किंग यांनी कॉलेजात असताना वाचला. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी सांगितले, की संवैधानिक मार्ग खुले असताना कायदेभंगाचा मार्ग सोडला पाहिजे. थोरो यांच्या देशात गुलामाला मताचा हक्क नव्हता आणि पळालेल्या गुलामाला मालकाकडे परत करा, असे त्यांच्या संविधानातच लिहिलेले होते. हा फरक विसरून दोघांची तुलना करू नये.

तथागतांशी थोरो यांचा संबंध कसा आला, हे आपल्या वाचकांना विशेष आवडेल. नेपाळमधून ब्रायन हॉजसन यांनी पॅरिसला पाठवलेल्या संस्कृत हस्तलिखितांतून युजीन बर्नुफ यांनी सद्धर्मपुंडरीक सूत्राचे फ्रेंच भाषांतर केले. त्यातला औषधी वनस्पतींचा भाग जानेवारी १८४४ मध्ये ‘द डायल’ या मासिकात इंग्रजीत आला. एकच पाऊस गवतावर, झुडपावर आणि मोठ्या वृक्षावर सारखाच पडतो, तसा धम्म सर्वांसाठी असतो, असा त्याचा आशय. ते भाषांतर थोरो यांनी केले असे शंभर वर्षांहून अधिक काळ मानले गेले; आता ते एलिझाबेथ पीबडी या बाईंचे असल्याचे मान्य झाले आहे. थोरो त्या मासिकाच्या कामात होते आणि धर्मग्रंथांचे उतारे निवडण्यात त्यांचा वाटा होता. पुढे आपल्या पहिल्या पुस्तकात त्यांनी बुद्धाचे नाव ख्रिस्ताच्या शेजारी ठेवले आणि धार्मिक वाचकांचा रोष ओढवून घेतला.

त्याच मासिकात त्याआधी वर्षभर, जानेवारी १८४३ मध्ये, थोरो यांनी मनुस्मृतीतले निवडक उतारे छापले होते, आणि मोठ्या कौतुकाने. गुलामीचा द्वेष करणाऱ्या माणसाला मनूचा मोह पडावा, हे वाचून आपल्याला धक्का बसतो. त्यांच्यासमोर विल्यम जोन्स यांचे भाषांतर होते, शूद्रांवर आणि स्त्रियांवर तो कायदा कसा चालला हे पाहणारा कुणी नव्हता. दूर बसून ग्रंथ वाचणाऱ्याची ही मर्यादा. तरी पहिल्याच पुस्तकात त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: जातीच्या कल्पनेने त्या लोकांची कृती करण्याची शक्ती लुळी पाडली, आणि अर्जुनाने लढावे यासाठी कृष्णाने दिलेला युक्तिवाद पुरा पडत नाही. १८४९ साली अमेरिकेत बसून एवढे दिसले, हे थोडे नाही. आपल्याकडच्या कित्येकांना ते अजून दिसत नाही.

६ सप्टेंबर १८४७ रोजी त्यांनी झोपडी सोडली. दोन वर्षे, दोन महिने, दोन दिवस. जन्मभर तिथे राहायचा त्यांचा विचार नव्हताच. झोपडी इमर्सन यांच्याकडे गेली, त्यांच्या माळ्याकडे गेली, नंतर एका शेतकऱ्याने तिच्यात धान्य साठवले आणि शेवटी तिच्या फळ्या सोडवल्या. पहिले पुस्तक १००० प्रती छापले, त्यातल्या ७०६ न खपता १८५३ साली त्यांच्याच घरी परत आल्या. छपाईचे पैसे त्यांना स्वतः फेडावे लागले. ‘वॉल्डन’ हे पुस्तक ९ ऑगस्ट १८५४ रोजी निघाले. त्यात एक मजेशीर नोंद आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभरेक आयरिश मजूर तळ्यातला बर्फ कापायला आले होते. न्यू इंग्लंडचा बर्फ तेव्हा जहाजाने कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला जात असे, आणि आपल्या तळ्याचे पाणी मुंबईकर पितील, या कल्पनेने थोरो खूष होते. मुंबईत तो बर्फ कुणाच्या पेल्यात पडला असेल हे सांगायला नको; आपल्या पूर्वजांना तर सार्वजनिक विहिरीचे पाणीही बंद होते.

त्या पुस्तकाच्या प्रकाशनाच्या महिनाभर आधी, ४ जुलै १८५४ रोजी, फ्रेमिंगहॅम येथे गुलामीविरोधी सभेत ते बोलले. बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स या पळालेल्या गुलामाला पकडून सैन्याच्या पहाऱ्यात दक्षिणेला परत पाठवले होते. दक्षिणेला शिव्या देणे सोपे होते, थोरो यांनी आपल्याच राज्याचे न्यायाधीश, राज्यपाल आणि वर्तमानपत्रे यांना जाब विचारला. तळ्याकाठी फिरायला गेले तरी आता मन शांत राहत नाही, असे त्यांनी सांगितले. १ ऑक्टोबर १८५१ रोजी हेन्री विल्यम्स नावाच्या गुलामाला त्यांनी घरात ठेवून कॅनडाच्या वाटेवर गाडीत बसवून दिले होते. स्टेशनवर पोलिसासारखा माणूस दिसल्याने पहिली गाडी सोडावी लागली.

ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राउन यांनी हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला. सगळी वर्तमानपत्रे त्यांना माथेफिरू ठरवत होती, गुलामीविरोधी मंडळीही गप्प बसण्याचा सल्ला देत होती. थोरो यांनी ३० ऑक्टोबरला गावात निरोप फिरवला की आपण ब्राउनच्या बाजूने बोलणार आहोत. हे घाईचे होईल असे कार्यकर्त्यांनीच कळवले, तेव्हा आपण सल्ला मागितला नव्हता, बातमी दिली होती, असे त्यांचे उत्तर गेले. ब्राउन यांना २ डिसेंबरला फाशी झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांचा एक फरारी साथीदार थोरो यांनी पहाटे घोडागाडीतून शेजारच्या स्टेशनवर पोहोचवला. पकडले गेले असते तर डोईपट्टीसारखे एका रात्रीत सुटले नसते.

डिसेंबर १८६० मध्ये थंडीत तोडलेल्या झाडांच्या वर्तुळांची मोजणी करताना त्यांना सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि जुना क्षय उसळला. मिनेसोटाच्या हवेनेही गुण आला नाही. अंथरुणाला खिळल्यावर बहीण सोफिया त्यांचे लेख उतरवून घेत असे. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी ते गेले. बाहेर गुलामीवरून पेटलेले यादवी युद्ध चालू होते. लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला. जंगलातल्या झाडांच्या बिया वारा, पाणी, पक्षी आणि खारी यांच्यामार्फत कशा पसरतात, यावरचे त्यांचे शेवटचे मोठे लिखाण अपुरे राहिले. ते १९९३ साली छापले गेले.